फासाची दहशत कोणाला?

दिवाळी अंकात फाशीचा विषय कशाला, असे फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेली वडील मंडळी विचारतील. त्यांनी जरूर विचारावे. पण गेल्या वर्षभरात त्यांच्याच ओसरीवर हा विषय किती वेळा निघाला, याचाही एकदा हिशेब करावा. वर्तमानपत्रात एखाद्या अमानुष खुनाची बातमी आली, की संध्याकाळच्या चहाबरोबर घरोघरी न्यायालये भरतात. तिथे साक्षीपुरावा लागत नाही, वकील लागत नाही, पानाला चुना लावता लावता निकाल लागतो: "भर चौकात फाशी द्या! एकदा दहा जणांना लटकवा, मग बघा कोणाची हिंमत होते ती!" ज्यांनी आयुष्यात ढेकूणदेखील कागदात धरून बाहेर टाकला, अशी पापभीरू माणसेही हे बोलताना हातवारे करू लागतात. २०१६ साली कोपर्डीच्या प्रकरणानंतर सारा महाराष्ट्र हेच बोलत होता. त्या संतापामागचे दुःख खरे होते, आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझे भांडण त्या दुःखाशी नाही. ते आहे त्या वाक्याच्या उत्तरार्धाशी: "मग बघा कोणाची हिंमत होते ती!"

इथे दोन निराळे प्रश्न एकमेकांत कालवले जातात. खुनी माणूस मरणाच्या लायकीचा आहे की नाही, हा एक प्रश्न. त्याला मारल्याने पुढचा खुनी कचरतो की नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपल्या धर्मबुद्धीला विचारून द्यावे. एखाद्या बापाने "माझी लेक गेली, तो जिवंत का?" असे विचारले, तर मी त्याच्यापुढे मान खाली घालीन, वाद घालणार नाही. पण दुसरा प्रश्न धर्माचा नाही, व्यवहाराचा आहे. त्याचे उत्तर भावनेने नव्हे, अनुभवाने आणि हिशेबाने द्यायचे असते. आणि नेमका हा हिशेब करायला आमची मंडळी कधी बसत नाहीत.

तेव्हा हिशेबालाच बसू. आपल्या देशात खून होतात कशावरून? राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोचे २०२२ सालचे आकडे उघडून पाहा. त्या वर्षी देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली. त्यांतले ९,९६२ खून निव्वळ भांडणातून झाले, ३,७६१ वैरातून, आणि पैशाअडक्याच्या लोभाने झालेले अवघे १,८८४. म्हणजे ज्याला आपण सिनेमातला खुनी म्हणतो, थंड डोक्याने नफातोटा पाहून सुरा उचलणारा, तो या मोठ्या गर्दीत एका कोपऱ्यात उभा आहे. मध्यभागी उभे आहेत ते तुमच्याआमच्या ओळखीचे लोक. बांधावरून भांडणारे भाऊ. पाटाच्या पाण्याची पाळी चुकली म्हणून कुऱ्हाड उगारणारा शेतकरी. बायकोच्या वागण्याचा संशय घेऊन रात्रभर कूस बदलणारा नवरा. गुत्त्यात एका शिवीवरून उठलेला मजूर.

बांधावरचे भांडण ज्याने पाहिले आहे त्याला मी काय म्हणतो ते चटकन कळेल. बांध हातभर सरकलेला असतो. त्यात फार तर चार पायली जोंधळा येईल न येईल. पण त्या हातभर मातीत आजोबांची वाटणी असते, धाकट्याच्या लग्नात झालेला अपमान असतो, तलाठ्याने कोणाच्या घरी चहा घेतला याची सल असते. वीस वर्षे हे सारे आत कढत राहते आणि एके दिवशी, उन्हाच्या वेळी, कोणीतरी आईवरून शिवी देतो. कुऱ्हाड वर जाते आणि खाली येते. वर जाण्याला आणि खाली येण्याला मिळून जितका वेळ लागतो तितक्यात त्या माणसाने भारतीय न्याय संहितेचे १०३ वे कलम आठवावे, येरवड्याची कोठडी डोळ्यांपुढे आणावी, आणि "फाशी होईल, नको बुवा" म्हणून कुऱ्हाड खांद्यावर टाकून घरी जावे, अशी आपली अपेक्षा आहे! ज्याला इतका विचार सुचतो तो जन्मठेपेच्या भयानेही थांबला असता. ज्याला सुचत नाही त्याच्यापुढे फास टांगला काय आणि तोफ उभी केली काय, सारखेच.

कादंबरीचा धंदा करणाऱ्याला खुनी माणसाच्या मनात शिरावे लागते. मी दोनतीनदा शिरून पाहिले आहे, आणि दर वेळी मला तिथे विचाराऐवजी विकारच सापडला. आपल्या रंगभूमीच्या मोठ्या लेखकांनाही तो तिथेच सापडला होता. देवलांचा झुंजारराव निरपराध पत्नीचा जीव घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात कायदा असतो का? 'एकच प्याला'तला सुधाकर स्वतः वकील! दंडविधान त्याला पाठ असणार. पण नशेत काठी उचलताना त्याच्या वकिलीचा काही उपयोग झाला नाही. आणि शुद्धीवर आल्यावर त्याने सरकारी फाशीची वाटदेखील पाहिली नाही, हाताने विष घेतले. प्रेक्षागृहात ते पाहून डोळे पुसणारा प्रेक्षकच घरी जाऊन "दहशत बसली पाहिजे" म्हणतो, याचे मला नवल वाटते.

"ठीक आहे," कोणी म्हणेल, "रागाच्या भरातले सोडा. पण जे ठरवून, शांतपणे खून करतात त्यांचे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला दूर जायला नको, पुण्यास जाऊ. जोशी-अभ्यंकर हत्याकांड ज्यांना आठवते ती पिढी आज म्हातारी झाली. पण संध्याकाळी सातनंतर ओस पडणारे रस्ते आणि आतून घातलेल्या दोन-दोन कड्या त्या लोकांच्या बोलण्यात अजून येतात. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या सव्वा वर्षात दहा माणसे मारली गेली. मारणारे चित्रकला शिकणारे तरुण होते. शिकलेसवरलेले, वर्तमानपत्र वाचणारे. खुनाला फाशी असते हे त्यांना पक्के ठाऊक होते. देशात त्या वेळी आणीबाणी होती. सरकारच्या नावाने माणसे कुजबुजतही नव्हती. दहशतीने जर खून थांबत असते तर त्या काळात, त्या शहरात थांबायला हवे होते.

ते का थांबले नाहीत, हे त्या घटनाक्रमातच लिहिलेले आहे. पहिला बळी जानेवारी १९७६ मध्ये गेला. तो त्यांचा वर्गमित्रच होता. त्या खुनाचा माग लागला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी एका घरात तिघांना मारले. तरी कोणी दारात आले नाही. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला दुसऱ्या घरात पाच जणांना मारले, तरी नाही. चौथ्या वेळी, मार्च १९७७ मध्ये, एका तरुणाचे प्रेत नदीत सापडले आणि मग पोलिसांचा हात त्यांच्या मानेवर पडला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. त्यांच्यापैकी मुनव्वर शहा याने तुरुंगात 'येस, आय ॲम गिल्टी' हे पुस्तक लिहिले. आता हिशेब करा. पहिल्या खुनानंतर महिन्याभरात ती टोळी पकडली गेली असती, तर पुढची नऊ माणसे जगली असती, मग शिक्षा फाशीची असो की जन्मठेपेची. १९८३ सालच्या फासाने त्या नवांतला एकही परत आणला नाही. त्या तरुणांना फास दिसत नव्हता असे नाही. त्यांना फासापर्यंतची वाटच दिसत नव्हती. पहिला खून पचला, तेव्हा दुसरा करावासा वाटला. मरणाचे भय घालून जो धडा शिकवायचा तो पोलीस ठाण्यातल्या एका हुशार, नेटाने काम करणाऱ्या फौजदाराने न बोलता शिकवला असता.

आता तिसरी जात. डोक्यात कल्पना घेऊन निघालेल्या माणसाला फासाचे भय किती असते? दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी दिले. साम्राज्याने ते गुपचूप दिले नव्हते. साऱ्या हिंदुस्थानाला जरब बसावी हाच हेतू होता. आणि जरब बसली कोणाला? त्याच घरातल्या सर्वांत धाकट्या भावाला, वासुदेवाला, बसू नये? दहा महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १८९९ मध्ये, त्याने आणि रानड्यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या, आणि मे महिन्यात वासुदेव, रानडे व बाळकृष्ण असे तिघे एकामागून एक फासावर गेले. वडील भावाच्या गळ्याला फास लागलेला ज्या घराने सोसला, त्या घरातही फासाने काम केले नाही. उलट फासाने जे काम केले ते सरकारला नको होते. या क्रांतिकारकांना आणि २००८ साली मुंबईत माणसे मारायला उतरलेल्या दहा जणांना मी एका पंक्तीला बसवतो, असे कृपा करून कोणी म्हणू नये. पण एवढे मात्र खरे, की त्या दहांतले नऊ इथेच मेले आणि मरायच्या तयारीनेच आले होते. दहाव्या कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी दिले. ती शिक्षा योग्य होती की नाही, हा पहिल्या प्रश्नातला वाद. पण जो मरायलाच निघाला आहे त्याला मरणाची धमकी देऊन परत पाठवता येईल, हे मात्र कोणी सांगू नये.

म्हणजे रागावलेला ऐकत नाही, हिशेबी माणसाला आपण सापडणार नाही असे वाटते, आणि वेडाने किंवा ध्येयाने झपाटलेला तर फासाकडेच तोंड करून चालतो. मग फासाची दहशत उरली कोणाला? उरली तुमच्यामाझ्यासारख्यांना, जे फास नसता तरी खून करणार नव्हते.

शाळामास्तरांना ही गोष्ट शहाण्या कायदेपंडितांपेक्षा लवकर कळते. मी विद्यार्थी असताना आमच्या शाळांत दोन तऱ्हेचे मास्तर असत. एकांची छडी वेताची, तेल पाजलेली, टेबलावर आडवी. मारीत तेव्हा वळ उठे. पण गृहपाठ कोणी केला आणि कोणी शेजाऱ्याचा उतरवला, हे त्यांना कधी कळत नसे. आठवड्यातून एकदा, हाती लागेल त्याला बडवीत. त्यांच्या तासाला निम्मा वर्ग वह्या न आणता निर्धास्त बसे. दुसरे मास्तर आवाजही चढवीत नसत. पण वही रोज तपासत, प्रत्येकाची तपासत, आणि चूक केलेल्याला मधल्या सुट्टीत बसवून घेत. त्यांच्या तासाला पोरे पाटीवर थुंकी लावून का होईना, गणित करून येत. पुढे २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने छडी बंद केली. तेव्हा "आता पोरे डोक्यावर बसतील" अशी हाकाटी झाली होती. वह्या तपासणाऱ्या मास्तरांच्या वर्गात काही फरक पडला नाही. इटलीतल्या बेकारियाने १७६४ साली हेच लिहून ठेवले, की गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर शिक्षा चुकणार नाही या खात्रीने. टस्कनीच्या राजाने त्याचे ऐकून १७८६ सालीच फाशी रद्द केली. आपण अजून तेल पाजलेल्या छडीच्या गोष्टी करतो आहोत.

आणि आपल्याकडे खात्रीचा हिशेब काय आहे? खुनाचे जे खटले निकालापर्यंत पोचतात, त्यांतल्या शंभरांत पन्नासांतसुद्धा गुन्हा शाबीत होत नाही. साक्षीदार उलटतात, पंच ऐनवेळी ओळख विसरतात, रासायनिक पृथक्करणाचे अहवाल कपाटात पडून राहतात. फासाचे म्हणाल, तर २००० सालापासून या देशात अवघ्या आठ माणसांना फाशी झाली. एक २००४ साली, एक २०१२, एक २०१३, एक २०१५, आणि २०२० साली दिल्लीत चौघांना एकाच पहाटे. या काळात खून झाले सहा लाखांहून अधिक. ही दहशत नव्हे, ही सोडत झाली! त्याहून गमतीची गोष्ट अशी, की ऑगस्ट २००४ ते नोव्हेंबर २०१२ या आठ वर्षांत एकही फाशी झाली नाही. आणि तरीही दर लाख वस्तीमागे १९९२ साली जे ४.६ खून होत ते २०१३ साली २.७ वर आले, आणि २०२२ साली २.१ वर. फास विटला, आणि खून घटले. फास विटल्यामुळे घटले असे मी म्हणणार नाही. तेवढा मी अडाणी नाही. पण फास लागेल म्हणून घटले असे म्हणणाऱ्याने हे आकडे कुठे लपवायचे ते सांगावे.

इंग्रज या विषयातले आपले गुरू. फाशीचा खटका आणि त्यावरचे कायदे आपण त्यांच्याकडूनच घेतले. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. खिसा कापला तरी फाशी. ती चौकात देत, आणि पाहायला जत्रा लोटे. त्या जत्रेत खिसेकापूंचा धंदा सर्वांत तेजीत चाले, कारण सगळ्यांच्या माना वर असत! १८६६ सालच्या शाही आयोगापुढे तुरुंगातल्या एका पाद्र्याने सांगितले, की मृत्युदंड झालेल्या ज्या १६७ जणांना त्याने अखेरच्या दिवसांत पाहिले, त्यांतल्या १६० हून अधिक जणांनी पूर्वी कधी ना कधी फाशीचा देखावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. भर चौकात फाशी मागणाऱ्यांनी ही साक्ष एकदा शांतपणे वाचावी. इंग्रजांनी ती वाचली आणि १८६८ साली चौकातली फाशी बंद केली.

पण माझ्या मते या साऱ्या वादातली सर्वांत मोठी साक्ष एका जल्लादाची आहे. अल्बर्ट पिअरपॉइंट हा विसाव्या शतकातला इंग्लंडचा नामांकित फाशीवाला. चारशेहून अधिक माणसे त्याच्या हातून गेली. फाशी देणे हे नित्याचे काम नसल्यामुळे एरवी तो ओल्डहॅमजवळ एक मद्यगृह चालवीत असे. तिथे जेम्स कॉर्बिट नावाचे एक गिऱ्हाईक नेहमी येई. दोघे एकमेकांना लाडक्या नावांनी हाक मारीत, मिळून गाणी म्हणत. हा मालक दुसरीकडे काय काम करतो हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होते. एका रात्री कॉर्बिट तिथे गायला, तिथून गेला, आणि मत्सराच्या भरात त्याने आपल्या मैत्रिणीचा गळा दाबला. नोव्हेंबर १९५० मध्ये पिअरपॉइंटनेच त्याला फासावर चढवले. कोठडीत दोघांनी एकमेकांना त्याच लाडक्या नावांनी हाक मारली. सव्वीस नोव्हेंबरला नि सत्तावीस नोव्हेंबरला त्या जल्लादाला काय वाटले असेल याची कल्पना कादंबरीकारानेही करू नये. पुढे १९७४ साली आपल्या आत्मचरित्रात त्याने लिहून टाकले, की आपण दिलेल्या फाश्यांनी एकही खून टळला असे आपल्याला वाटत नाही. फासाची दहशत कोणाला वाटायला हवी होती? ज्याच्या खांद्यावर जल्लादाचा हात होता त्याला! त्याला ती वाटली नाही.

इंग्लंडने १९६५ साली खुनाची फाशी थांबवली आणि १९६९ साली तो निर्णय कायम केला. त्यानंतरच्या काही दशकांत तिथे खून वाढले, आणि फाशीचे कैवारी हा आकडा नाचवतात. नाचवू द्या. पण त्याच काळात तिथे मारामाऱ्या, दरोडे वाढले ते त्याहून कितीतरी वेगाने, आणि त्या गुन्ह्यांना त्याच्याही आधीपासून फाशी नव्हती. तेव्हा वाढीचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. कॅनडाने १९७६ साली फाशी रद्द केली. आदल्या वर्षी तिथे लाखामागे तीन खून होत. १९८० साली ते २.४१ झाले, २००३ साली १.७३. आणि घरचे उदाहरण हवे असेल तर त्रावणकोरचे घ्या. तिथल्या महाराजांनी १९४४ साली फाशी रद्द केली. संस्थान भारतात विलीन झाल्यावर देशाचा कायदा तिथे गेला आणि फाशी परत आली. फाशी नसतानाची पाच वर्षे आणि परत आल्यानंतरची पाच वर्षे ताडून पाहिली, तर खुनांचे आकडे जवळजवळ सारखेच भरले. मारेकऱ्यांना कायदा गेल्याचेही कळले नव्हते आणि आल्याचेही.

अमेरिकेतल्या एका अर्थशास्त्रज्ञाने, आयझॅक एर्लिकने, १९७५ साली गणित मांडले होते, की एका फाशीमागे आठ खून टळतात. ते गणित जगभर गाजले, आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतही पोचले. त्यानंतर तिथल्याच पंडितांनी त्या गणिताचे धागे उसवले, आणि २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तीस-पस्तीस वर्षांच्या साऱ्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले, की त्यांच्यावरून फाशीने खून घटतात असेही म्हणता येत नाही, वाढतात असेही नाही, काही फरक पडत नाही असेही नाही. धोरण ठरवताना ते अभ्यास वापरू नयेत. फाशीचे कैवारी म्हणतील, "मग तुमचेही सिद्ध झाले नाही!" कबूल. पण शाबितीचा भार कोणावर आहे? औषधाने रोग बरा होतो की नाही हे ठाऊक नाही, पण त्या औषधाने माणूस मात्र नक्की मरतो. अशा वेळी वैद्याने सिद्ध करायचे की रोग्याने?

आपल्या विधी आयोगाने १९६७ साली मात्र उलटा न्याय लावला. आपला देश मोठा, लोक नाना तऱ्हेचे, शिक्षण कमी. अशा परिस्थितीत फाशी रद्द करण्याचा प्रयोग परवडणार नाही, असे म्हटले. जणू फाशी ठेवणे हा प्रयोग नव्हे! त्याआधी अठरा वर्षे, ३ जून १९४९ रोजी, घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाशीच्या शिक्षेवरच्या अपिलांची चर्चा चालू असताना सांगितले होते, की त्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे. ज्यांनी घटना लिहिली त्यांचे ऐकले नाही. २०१५ साली न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने जुने मत फिरवले आणि दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून बाकी सर्व गुन्ह्यांची फाशी काढून टाकावी, अशी शिफारस केली. ती शिफारस दिल्लीत कोठेतरी आहे. त्यानंतर तीन वर्षांनी, २०१८ साली, बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्कारालाही फाशीची तरतूद झाली. संताप समजतो. पण कायदा करणाऱ्यांनी एक साधा विचार करायचा होता: मुलीला जिवंत सोडले तरी फास आणि मारले तरी फास, तर त्या नराधमाने तिला जिवंत का सोडावे? तीच तर एकमेव साक्षीदार!

"तुम्ही म्हणता ना, खात्री हवी? मग भराभर फाशी द्या, सगळ्यांना द्या, म्हणजे खात्री होईल." हा शेवटचा युक्तिवाद मी अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसते, की चारांतले जवळजवळ तीन कैदी गरिबीत पिचलेले होते. आणि खालच्या न्यायालयांनी फाशी सुनावलेल्या शंभरांपैकी पाचांचीसुद्धा शिक्षा वरपर्यंत टिकली नव्हती. सुमारे तीस जण तर निर्दोष सुटले. भराभर फाशी द्यायची तर या तिसांचे काय करायचे, ते आधी ठरवा.

त्यांतले सहा जण आपल्याच राज्यातले आहेत. भटक्या समाजातले, मोलमजुरी करणारे. २००३ साली एका शेतमळ्यातल्या झोपडीवर दरोडा पडला आणि त्या कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला. फार क्रूर गुन्हा होता. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने या सहांनाही फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप काढून सर्वांनाच फाशी दिली. म्हणजे देशातले शेवटचे दार बंद झाले. त्या साली कोणी घाई केली असती, ओसरीवरच्या न्यायालयाचे कोणी ऐकले असते, तर सहा गळ्यांत सहा फास पडले असते, आपण फटाके उडवले असते, आणि दहशत बसली असे एकमेकांना सांगितले असते. घाई झाली नाही. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा पाहिला आणि सहाही जण निर्दोष ठरवले. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे गेली होती. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा हुकूम झाला.

त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला झोपू देत नाही. त्या रात्री वाचलेल्या बाईने, घटना ताजी असताना, पोलिसांच्या संग्रहातली छायाचित्रे पाहून चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांच्या दिशेने तपास पुढे गेलाच नाही.